शीळ घालणारा ‘स’

शहरातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं होतं, आणि त्यांतल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं. ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेऊन डबीत घालून लॅबमध्ये पाठवत, तिथून पुढचं सगळं तिचं. मापात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढायचा, त्यावर मेणाची हिरडी उभी करायची, मेणात एकेक दात बसवायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी अॅक्रिलिक भरून ते शिजवायचं, घासायचं, चकाकी आणायची. तोंड कोणाचं, हे तिला कधी कळत नसे. डबीवर नुसता दवाखान्याचा शिक्का असायचा.

लॅब म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरची लांबट खोली. टेबलांची रांग, प्रत्येक टेबलावर मान वाकवलेला दिवा, आणि दिवसभर घासणीच्या मोटरींची किरकिर. बोलायचं तर ओरडावं लागे, म्हणून कोणी फारसं बोलतच नसे. ती लग्नाआधीच इथे लागली होती. आता कानशिलं पांढरी झाली होती. मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला ताई म्हणत, आणि अवघड काम आलं की डबी न बोलता तिच्या टेबलावर येऊन बसे.

घरी नवरा आणि ती, दोघंच. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. स्वभावानं शांत, बोलायला कंजूस. लेक शिकायला परगावी गेली, तेव्हा जाताजाता तिनं आईच्या मोबाइलवर गोष्टी ऐकायचं अॅप टाकून दिलं.

“आई, दिवसभर ती किरकिर ऐकून बहिरी होशील. त्यापेक्षा कानात गोष्ट घाल.”

“मला कसल्या गोष्टी! माझं वय आहे का गोष्टींचं?”

“घाल तरी. नाही आवडली तर बंद कर.”

आधी तिनं दोन कौटुंबिक कादंबऱ्या ऐकल्या. दोन्हींत सासू सुनेला छळत होती आणि सून दार लावून रडत होती. तिला कंटाळा आला. मग एकदा प्लास्टर लागलेल्या बोटानं भलत्याच चित्रावर दाबलं गेलं. चित्रात शिरस्त्राण घातलेला सैनिक, मागे तारे. मालिकेचं नाव ‘काळोखातली छावणी’. हात रिकामा नव्हता म्हणून तिनं ती चालू राहू दिली, आणि सुटीची घंटा झाली तरी ती टेबलावरून उठली नाही.

दूर कुठेतरी, सूर्याचा नुसता ठिपका दिसतो अशा एका खडकावर सैनिकांची एक तुकडी आहे. इंधनाच्या टाक्या राखायच्या, एवढंच त्यांचं काम. शत्रू येणार येणार म्हणतात आणि येत नाही. सैनिक डब्यातलं तेच ते खातात, एकमेकांच्या घोरण्यावर भांडतात, घरचं कोणी बोलेल म्हणून यंत्राला कान लावून बसतात. आणि मग एक दिवस शत्रू येतोच. एवढीच गोष्ट. पण ती वाचणारा जो कोणी होता, त्यानं तिच्या कानाचा ताबाच घेतला. खर्जातला, किंचित खरखरीत आवाज. कप्तान बोलला की पाठ ताठ व्हायची, आणि तोच माणूस दुसऱ्या क्षणी तुकडीचा आचारी होऊन बोलायचा तेव्हा डोळ्यांसमोर एक ढेरपोट्या, घामेजलेला भला माणूस उभा राहायचा. छावणीचं दार बाहेरच्या पोकळीकडे उघडतं तिथे तो काहीच वाचायचा नाही. एक श्वासभर गप्प बसायचा. त्या गप्प बसण्यानं तिच्या हातातली सुरी थांबायची.

आता हे सगळं सांगायचं कोणाला? नवरा ऐकून घ्यायचा, पण त्याला खडकात आणि टाक्यांत रस नव्हता. लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, खाली लिहायला जागा असते तिथे लिही ना. लोक वाचतात.” टोपणनाव हवं होतं. लेक हसत म्हणाली, “तू दातांचं काम करतेस आणि प्रत्येक गोष्ट कोरकोरून बघतेस. ‘दातकोरणं’ लाव.” तेच लागलं.

‘दातकोरणं’नं पहिल्या भागावर लिहिलं: “यात लढाईपेक्षा वाट पाहणं जास्त आहे, आणि तेच खरं वाटतं. लेखकाला कंटाळा लिहिता येतो, भीती लिहिता येते. लढाई मात्र लिहिता येत नाही. लढाई सुरू झाली की तो बंदुकांची नावं वाचून दाखवतो, जसं दुकानदार माल दाखवतो. बायका दोनच आहेत. एक डॉक्टर, ती सदा रागावलेली. दुसरी पहिल्या प्रकरणात मरते. मेलेल्यांची आठवण पुढच्या प्रकरणात कोणी काढत नाही, हे मला खटकलं. शत्रूला तोंडच नाही. तोंड नसलेल्या माणसाशी किती वेळ लढणार?”

दुसऱ्या भागावर तिनं जास्त प्रेमानं लिहिलं. त्या भागात आचारी मरतो. तिनं लिहिलं की हा माणूस एरवी घडाघडा बोलतो, पण घाबरला की पहिल्या अक्षराला अडखळतो. हे लेखकानं कुठे लिहिलेलं नाही, वाचणाऱ्यानं आपल्या पदरचं घातलंय, आणि म्हणून तो मरतो तेव्हा आपल्याला आपलं माणूस गेल्यासारखं वाटतं.

लोकांनी ते डोक्यावर घेतलं. कोणी लिहिलं, ‘आता नवा भाग आला की आधी दातकोरणं काय म्हणतं ते बघतो.’ तिनं ते नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, “मोठी झालीस की!” आणि तिला खरंच मोठं झाल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं तिचं काम दुसऱ्यांच्या तोंडात होतं आणि तिचं स्वतःचं तोंड बंद होतं. आता ती बोलत होती आणि लोक ऐकत होते. त्याची गोडी लागायला वेळ लागत नाही.

तिसरा भाग आला तेव्हा तर ती घरीदारी, बसमध्ये, टेबलावर, सगळीकडे तोच ऐकत होती. टाक्यांना आग लागते आणि कप्तानाला ठरवायचं असतं की आतल्या माणसांसाठी दार उघडायचं की बंदच ठेवायचं. तो आठवडा तिचे हात आपोआप चालत होते. कान छावणीत होते.

मग बराच काळ गेला, आणि चौथा भाग आला. आला तो शीळ घालतच.

आवाज तोच होता, पण ‘स’ बिघडला होता. प्रत्येक ‘स’ला बारीक शीळ. आणि सैनिकांच्या गोष्टीत काय कमी ‘स’ असतात? तिला आधी वाटलं मोबाइल बिघडला. मग वाईट वाटलं. मग, खरं सांगायचं तर, लिहायला काय मस्त सापडलं असं वाटलं. रविवारी दुपारी नवरा झोपला होता, तेव्हा खिडकीशी बसून तिनं लिहिलं:

“कप्तान म्हणतो, ‘सैनिकांनो, सज्ज!’ आणि मी उठून गॅस बंद करायला धावते, कारण मला वाटतं कुकर झाला. शत्रूनं या वेळी हल्ला करायची गरजच नाही. त्यानं नुसत्या शिट्ट्या मोजाव्यात आणि आपल्या लोकांचा ठावठिकाणा काढावा. वाचणाऱ्याचे दात पडले की काय? पडले असतील तर कोणीतरी त्यांना बरी कवळी बनवून द्या. आणि वाचण्यातला जीवही गेलाय. मेलेला आचारी या भागात परत वाढप करायला उभा राहतो, ही लेखकाची चूक. पण ते वाक्य वाचणाऱ्यानं इतकं रेंगाळत वाचलंय की वाटतं, त्यालाही झोप आली असावी.”

हे तिनं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो हसला. कुकरपाशी तर मोठ्यानं हसला. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, “पण तो माणूस हे वाचत असेल ना?”

“कोण माणूस?”

“ज्याच्याबद्दल लिहिलंयस तो.”

“छे! एवढे मोठे लोक आपलं कशाला वाचतात?”

हे म्हणताना तिला काहीतरी टोचलं. पण ते टोचणं तिनं बाजूला सारलं, कारण मोबाइल सारखा वाजत होता. ‘कुकर’ सगळीकडे झाला. ज्यांनी चौथा भाग ऐकलाही नव्हता तेही शिट्टी ऐकायला म्हणून ऐकू लागले. कोणी त्या शिट्ट्या तोडून, जोडून एक फीतच बनवली. आणि थोड्याच दिवसांत कंपनीनं जाहीर केलं की श्रोत्यांच्या सूचनेचा मान राखून पाचवा भाग नव्या आवाजात येईल. खाली लोकांनी ‘दातकोरणं’चं अभिनंदन केलं. तिनं लेकीला फोन करून सांगितलं. त्या संध्याकाळी ती खुशीत होती, हे नंतर तिला सगळ्यांत जास्त लागलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. या बाईंचा दवाखाना बाजारापलीकडे होता आणि त्यांचं सगळं काम याच लॅबमध्ये व्हायचं. एका रोग्याची वरची कवळी काही केल्या जमत नाही म्हणाल्या. दुखत नाही, हलत नाही, पण बोलताना त्रास होतो. “मी त्यांना सवय होईल, सवय होईल म्हणत राहिले. पण त्यांचं बोलण्याचंच काम आहे हो. तुम्ही स्वतः येऊन एकदा ऐकता का, ताई?”

असं कधी होत नसे. कवळी बनवणाऱ्यानं तोंड बघायला जायचं, हे तिच्या आयुष्यात एकदोनदाच घडलं असेल. ती हौसेनं, बऱ्यापैकी साडी नेसून गेली.

दवाखान्याच्या खुर्चीत एक सडपातळ, साठीकडे झुकलेला माणूस बसला होता. स्वच्छ शर्ट, मांडीवर घडी केलेला रुमाल. तिला बघून तो अर्धवट उठला आणि म्हणाला, “नमस्कार. बसा ना. तुम्हाला उगाच त्रास.”

तेवढंच. पण ‘नमस्कार’मधल्या ‘स’ला शीळ होती, आणि शिळेच्या खाली तो खर्ज होता. कप्तान, आचारी, आणि दार उघडल्यावर एक श्वासभर गप्प बसणारा तो माणूस, सगळे समोर खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होते.

“काय झालं ताई?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“काही नाही. जिने चढून दम लागला.”

दवाखाना तळमजल्यावर होता.

डॉक्टरीणबाईंनी कवळी काढून, धुऊन तिच्या हातात दिली. तिनं ती उलटी करून उजेडात धरली. आपलं काम माणूस ओळखतो. पुढच्या दोन दातांच्या मधली ती बारीक तिरकी फट, दात खरे वाटावेत म्हणून सोडलेली, ती दुसरं कोणी सोडत नसे. कवळी तिचीच होती. आणि टाळूचा भाग जाड होता. इतका जाड की जिभेला ‘स’ म्हणायला जागाच राहू नये. नवशिक्यालाही दिसला असता. तिनं आयुष्यात असं काम बाहेर जाऊ दिलं नव्हतं.

“कधी बसवली ही?” तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

तोंडावर रुमाल धरून तो म्हणाला, “एका पुस्तकाचा तिसरा भाग वाचून झाला आणि लगेच दात काढले. हिरड्यांचं दुखणं जुनंच होतं. चौथ्याच्या आधी सगळं उरकावं म्हटलं.”

तिला हिशेब लागायला वेळ लागला नाही. तिसरा भाग. टाक्यांची आग. हात आपोआप चालत होते तो आठवडा. हा माणूस तिच्या कानात बोलत होता आणि ती त्याच्याच तोंडाची वाट लावत होती.

तिथून ती लॅबमध्ये परत आली ती पडेल चेहऱ्यानं. मालकांना बाजूला घेऊन तिनं सांगितलं की चूक आपली आहे, माझी आहे, आणि नवीन कवळी मी करून देणार आहे.

“द्या की,” मालक म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण लॅब चालवायची होती. “पण ताई, चूक आपली हे बाहेर बोलू नका. नवीन पद्धतीची करून देतो म्हणा. डॉक्टर तुटले तर सगळ्यांच्याच पोटावर पाय.”

तिनं मान डोलावली. त्या दिवसापासून कामावर तिनं कानात काही घातलं नाही. मोटरींची किरकिर तिला नव्यानं ऐकू यायला लागली.

घरी तिनं आपलं लिखाण उघडून वाचलं. ‘दात पडले की काय?’ हे वाक्य डोळ्यांपुढून हलेना. तिनं ते पुसलं. पण पुसून काय होणार? लोकांनी ते उचलून शंभर ठिकाणी चिकटवलं होतं. तिनं कंपनीला लिहिलं की दोष आवाजाचा नव्हता, कवळीचा होता, ती बदलते आहे, तरी विचार करावा. कंपनीकडून आपोआप येणारं आभाराचं उत्तर आलं.

“त्याला सांग,” नवरा म्हणाला.

“काय सांगू? दात मी बिघडवले हे, की वर दात काढून हसले हे?”

नवऱ्यानं तिच्या ताटात भाजी वाढली आणि तो मुकाट जेवत राहिला. त्याच्या गप्प बसण्यात काय आहे हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून कळत होतं.

नव्या कवळीसाठी ती चारपाच वेळा दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई मापं घेत, मेणावर दात लावलेली कवळी तोंडात बसवत, आणि मग ताईला पुढे करत. ती त्या गुलाबी टाळूवर पांढरी पूड भुरभुरायची, ते तोंडात बसवून म्हणायची, “आता नुसतं ‘स’ म्हणा.” तो म्हणायचा. कवळी बाहेर काढली की जीभ जिथे टेकली तिथली पूड पुसलेली असे. तेवढं बघून ती मेण थोडं खरवडायची, थोडं वाढवायची. मग ‘च’. मग ‘श’. मग पूर्ण वाक्यं.

“काय वाचू?” त्यानं पहिल्यांदा विचारलं.

“तुम्हाला जे येत असेल ते.”

मग तो पाठ असलेलं बोलू लागला, आणि तिच्या लक्षात आलं की हे तिनं कधी ऐकलेलं नाही. कप्तान म्हातारा झालाय. छावणी मोडून सगळे घरी निघालेत. शत्रूचा एक सैनिक पकडलेला आहे आणि कप्तान त्याला शेवटचा चहा देतो. शत्रूला पहिल्यांदा तोंड होतं, आणि त्या तोंडाला आवाज होता, जरासा घोगरा, दमलेला.

“हा पाचवा भाग,” तो म्हणाला. “मला आधीच पाठवला होता त्यांनी. मी सगळा तयार केला होता. आता दुसरं कोणी वाचेल. पण शत्रूचा आवाज मी असा करणार होतो. चांगला आहे ना?”

“चांगला आहे,” ती म्हणाली. तिनं मान खाली घालून मेण खरवडलं.

एकदा डॉक्टरीणबाई दुसऱ्या रोग्याकडे गेल्या असताना तो आपण होऊन बोलू लागला. “लोक ऐकतात हो, आणि खूप छान ऐकतात. एक गृहस्थ आहेत, टोपणनावानं लिहितात. दातकोरणं.” तो हसला. “माझा आचारी घाबरला की अडखळतो, हे त्या माणसाला कळलं. इतके लोक ऐकतात, त्या एकट्यालाच कळलं. ते वाचून मी बायकोला हाक मारून दाखवलं होतं. चौथ्या भागाबद्दल त्यांनी धुतलं मला. बरोबरच होतं म्हणा. शिट्टी होतीच. मलाही कुकरचं हसू आलं. एकच गोष्ट त्यांची चुकली.”

“कोणती?” तिनं विचारलं.

“तो मेलेला आचारी परत वाढायला येतो ना, ते वाक्य. मी लेखकाला कळवलं होतं. ते म्हणाले, छापलंय तसं वाचा. मग मी ते हळू वाचलं. भूत आल्यासारखं. म्हटलं, निदान आपल्याला तरी आठवण आहे की हा गेलाय. त्यांना वाटलं मला झोप आली. त्यांना कळायला हवं होतं. दुसऱ्या कोणाला नाही कळलं तरी चालेल, त्यांना हवं होतं.”

त्या दिवशी ती बसनं न जाता चालत घरी गेली. वाटेत दुकानांचे फलक दिसत होते, माणसं धक्का देऊन जात होती, आणि तिच्या डोक्यात ते हळू वाचलेलं वाक्य पुन्हा पुन्हा वाजत होतं. आता ते तिला कळत होतं. मेलेल्यांची आठवण कोणी काढत नाही, अशी तक्रार तिनंच पहिल्या भागावर केली होती. त्या माणसानं ती तक्रार मनावर घेतली होती की काय, कोण जाणे.

कवळी तयार झाली. शेवटच्या खेपेला त्यानं ती घालून ‘सैनिकांनो, सज्ज’ म्हटलं आणि दवाखान्याच्या काचा हलल्या असं सगळ्यांना वाटलं. शीळ नव्हती. डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. तो आरशासमोर उभा राहून ‘स’ची बाराखडी म्हणू लागला, शाळेतल्या पोरासारखा. मग ताईकडे वळला आणि त्यानं हात जोडले.

ते हात जोडणं तिला सोसलं नाही.

“थांबा,” ती म्हणाली. “जुनी कवळीपण मीच केली होती. टाळू जाड ठेवली. काम करताना लक्ष नव्हतं माझं. तुमची काही चूक नव्हती, डॉक्टरीणबाईंचीही नव्हती.”

डॉक्टरीणबाई चपापल्या. तो मात्र हसून म्हणाला, “अहो, होतं असं. मी काय कमी चुका करतो वाचताना? त्या कापता येतात, एवढंच. तुम्ही परत करून दिलीत ना, झालं तर.”

इथे थांबता आलं असतं. तो खुशीत होता, आणि तिची निम्मी चूक माफ झाली होती. पण उरलेल्या निम्मीनं तिला आतून कुरतडलं होतं.

“लक्ष नव्हतं, कारण कानात तुम्ही होतात. तिसरा भाग.” ती एका दमात म्हणाली. “आणि दातकोरणं मीच आहे.”

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. पुष्कळ वेळ तो मांडीवरच्या रुमालाच्या घड्या सारख्या करत राहिला.

“मला वाटलं होतं पुरुष असेल कोणी,” तो शेवटी म्हणाला. “निवृत्त मास्तर वगैरे.”

“माझं चुकलं. मी कंपनीला लिहिलंय…”

“कंपनीचं राहू द्या.” त्याचा आवाज चढला नव्हता, पण त्यात कप्तान होता. “बाई, कवळीचा मला राग नाही. लिहिलंत त्याचाही नव्हता. पण तुम्ही आत्ता हे सांगायला नको होतं. मला तो माणूस आवडत होता. काम गेलं तरी कुठेतरी एक जण आपलं नीट ऐकतोय, असं धरून होतो मी. आता तो कानात माझा आवाज घालून माझ्याच टाळूकडे दुर्लक्ष करत होता, हे कळलं.”

तो उठला. डॉक्टरीणबाईंना नमस्कार केला. तिला केला नाही. जाताना त्याचा प्रत्येक ‘स’ लख्ख होता.

मालकांना हे डॉक्टरीणबाईंकडून कळलं. ते दोनतीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत, पण डॉक्टरीणबाईंचं काम काही तुटलं नाही. उलट तिकडून येणाऱ्या डब्यांवर कधीकधी ‘बोलून बघायला हवं’ अशी चिठ्ठी येऊ लागली, आणि ती जाऊ लागली. घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. “सांगून त्याला दुखावलं, आणि न सांगते तर मी जळत राहिले असते,” ती म्हणाली. “म्हणजे सांगितलं ते त्याच्यासाठी की माझ्यासाठी?” नवरा म्हणाला, “ते मला नाही माहीत. पण तू सांगितलंस, हे बरं झालं असंच मला वाटतं.” तिला तसं पूर्ण कधीच वाटलं नाही.

पाचवा भाग आला. तिनं तो घरी, स्वयंपाकघरात, हातात काही न घेता, नुसतं बसून ऐकला. नवा वाचणारा तरुण होता, स्वच्छ बोलत होता. लेखकानंही प्रगती केली होती. बंदुकांची नावं कमी झाली होती, बायका बोलत होत्या, मेलेल्यांसाठी एक प्रकरणच होतं. सगळ्या पाच भागांत हा सरस, असं लोक लिहीत होते. चहाच्या प्रसंगात शत्रू बोलला तो कोणत्याही माणसासारखा, रोजच्यासारखा. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. तिनं ऐकलेला तो घोगरा, दमलेला आवाज जगात कोणीच ऐकणार नव्हतं. ऐकला होता तो तिनं आणि डॉक्टरीणबाईंनी. लोक विचारत होते, दातकोरणं गप्प का? तिनं काही लिहिलं नाही.

वर्ष सरत आलं तेव्हा डॉक्टरीणबाईंकडून एक डबी आली. खालच्या कवळीचं माप. सोबत त्यांचा फोनही आला. “तेच गृहस्थ आहेत. खालचे दातही गेले बिचाऱ्यांचे. सध्या शाळेच्या मुलांसाठी विज्ञानाचे धडे वाचतात म्हणे, खूश आहेत. मी विचारलं, दुसऱ्या लॅबला देऊ का? तर म्हणाले, नको, त्या बाईंनाच द्या.”

“आणखी काही म्हणाले?”

“नाही हो. एवढंच.”

तिनं डबी उघडली. माप नीट आलं होतं. तिनं पाणी मोजून घेतलं, प्लास्टर कालवलं, बुडबुडा राहू नये म्हणून वाटी टेबलावर आपटत राहिली, आणि हळूहळू मापात ओतायला लागली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, “ताई, कोणाची आहे? एवढं जपून करताय?”

“एका वाचणाऱ्यांची,” ती म्हणाली, आणि प्लास्टर घट्ट होईपर्यंत तिथून हलली नाही.